तेल कंपनीचा शेअर पडला: विकायचं बटण दाबण्याआधीची कामं, क्रमाने

भुसावळात मी लोकांचे आयकर रिटर्न भरून देतो. शेअर विकलेल्यांच्या काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या पावत्या, माझ्या टेबलावर येतात आणि त्यांवर सौद्याची वेळ छापलेली असते. तेल कंपनीचा शेअर असला की ती वेळ बघून काय झालं असेल ते मला न विचारता कळतं. वाईट बातमीचा दुसरा दिवस, सकाळचे सव्वानऊ ते नऊ पंचवीस. विक्री त्या दिवसाच्या तळाजवळ झालेली, आणि चार-सहा महिन्यांनी तोच शेअर वरच्या भावाने पुन्हा घेतलेला.

दुसरा गट याच्या बरोबर उलटा. आभाळ कोसळलं तरी हात लावायचा नाही. यांतले बरेच अमळनेरचे, नाहीतर अमळनेरचे पाहुणे. विप्रोचे कागद पेटीत ठेवून ज्यांचं भलं झालं ती घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. विप्रोही मुळात तेलाचीच कंपनी, त्यामुळे "तेल कंपनी इकानी नही, भो", म्हणजे विकायची नाही, असं मला एकाने अगदी गंभीरपणे सांगितलं. ते तेल वनस्पती तुपाचं होतं, जिभाऊ. आणि कंपनी मोठी झाली ती संगणकात शिरल्यावर.

दोघंही एकाच जागी चुकतात. बातमी कंपनीच्या कुठल्या कमाईला लागली हे न बघता ते ठरवून मोकळे होतात. खालचा क्रम त्यासाठी आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका, कारण बहुतेक नुकसान चुकीच्या निर्णयापेक्षा चुकीच्या क्रमानेच होतं. म्युच्युअल फंडातून तेल कंपन्या तुमच्याकडे असतील तर इथे करण्यासारखं काही नाही, ते काम फंड मॅनेजरचं.

पायरी १: बातमी नसताना करायची तयारी

हे काम एखाद्या निवांत रविवारी करा. बातमी आल्यावर ते होत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

एक साधी वही घ्या. प्रत्येक कंपनीला एक पान. पानावर खरेदीची तारीख, भाव, संख्या आणि तुमच्या एकूण शेअर-गुंतवणुकीत तिचा वाटा किती टक्के, एवढं लिहा. त्याखाली एका वाक्यात लिहा: हा शेअर मी का घेतला? "लाभांश चांगला देते", "कच्चं तेल महागेल असं वाटतं", "शालकाने सांगितलं", जे खरं असेल ते. शालकाचं नाव लिहायला लाजू नका, पुढे सातव्या पायरीत तेच कामाला येतं.

त्याखाली दुसरं वाक्य: काय झालं तर मी विकेन? इथे भाव लिहू नका, घटना लिहा. लाभांशासाठी घेतला असेल तर "सलग दोन वर्षं लाभांश घटला तर". "२० टक्के पडला तर विकेन" ही घटना नव्हे.

मग यंत्रणा तपासा. डिमॅटला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना? विकताना सीडीएसएलचा (तुमचे शेअर सांभाळणारी संस्था) टीपिन हा गुप्त क्रमांक आणि ओटीपी लागतो, किंवा विक्रीचे शेअर काढून द्यायचं डीडीपीआय अधिकारपत्र ब्रोकरला दिलेलं लागतं. निम्म्या लोकांना टीपिन कुठे आहे ते ठाऊक नसतं आणि ते नेमके गर्दीच्या सकाळी तो नव्याने मागवत बसतात. नॉमिनीचं नाव त्याच दिवशी बघून घ्या.

*तपासा:* उधारीच्या पैशावर, म्हणजे ब्रोकरच्या एमटीएफ सोयीवर घेतलेले शेअर आहेत का? असतील तर त्या पानावर लाल पेनाने व्याज आणि मार्जिन (त्यात तुमची स्वतःची ठेवावी लागणारी रक्कम) लिहा. भाव पडून मार्जिन कमी पडलं तर ब्रोकर स्वतःच ते विकू शकतो. तिथे तुमचा निर्णय चालतच नाही, म्हणून तेल कंपनीचा शेअर उधारीवर घेऊ नये असं माझं मत आहे.

पायरी २: पहिल्या सकाळी ऑर्डर टाकायची नाही

बातमी बहुधा संध्याकाळी येते. बाजार साडेतीनला बंद झालेला, टीव्हीवर लाल पट्टी, मोबाइलवर पुढे ढकललेले मेसेज. अशा रात्री लोक मार्केट ऑर्डर, म्हणजे "मिळेल त्या भावाने विका", लावून ठेवतात आणि झोपतात. ती ऑर्डर ९ वाजता सुरू होणाऱ्या पूर्वसत्रात जाते. तिथे सगळ्यांच्या विक्रीची गर्दी एकत्र मोजून एक भाव ठरतो आणि तुमचे शेअर त्या भावाने निघून जातात.

मी स्वतः हेच केलंय. एका तेल विक्री कंपनीचे शेअर, रात्री अकराला लावलेली मार्केट ऑर्डर. सकाळी सव्वानऊला मिळालेला भाव दुपारी दोनला होता त्याहून सात टक्के खाली. बातमी खोटी नव्हती, विकायचा निर्णयही पुढे बरोबरच ठरला. चुकली ती फक्त वेळ. सात टक्के त्या घाईचे.

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत फक्त तिसरी आणि चौथी पायरी करायची. दोन्ही वाचनाच्या आहेत.

पायरी ३: बातमी खरी आहे का, आणि आपल्याच कंपनीची आहे का

हसू नका. इंडियन ऑइल आणि ऑइल इंडिया या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. पहिली मुख्यतः तेल शुद्ध करून पंपावर विकते, दुसरी आसाम-राजस्थानात जमिनीतून तेल-वायू काढते. कच्चं तेल महागलं की ऑइल इंडियाला बहुधा फायदा, इंडियन ऑइलला बहुधा तोटा. नाव वाचून भलताच शेअर विकलेला माणूस मी पाहिलाय, आणि तो शिक्षक होता.

क्रमाने हे बघा:

१. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा आणि "कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स" वाचा. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) नियमानुसार संचालक मंडळाचे महत्त्वाचे निर्णय बैठक संपल्यावर अर्ध्या तासात (बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तासांत), कंपनीच्या आतली महत्त्वाची घटना १२ तासांत आणि बाहेरून ओढवलेली २४ तासांत कळवावी लागते. बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांना, अफवेने भाव जोरात हलला तर, ती खरी की खोटी हेही सांगावं लागतं. दोन दिवस उलटले आणि तिथे चकार शब्द नाही, तर त्या मेसेजची किंमत रद्दीइतकी.

२. भाव निम्मा दिसतोय? आधी बोनस तपासा. भारत पेट्रोलियमने जून २०२४ मध्ये एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट) दिला तेव्हा स्क्रीनवर भाव एका दिवसात अर्ध्यावर आला. बोनसचे शेअर खात्यात थोडे उशिरा दिसतात, त्यामुळे मधल्या काळात ॲपवर मोठा लाल तोटा दिसतो. तो तोटा नसतोच.

३. लाभांशाची एक्स-तारीख आहे का, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही? त्या दिवशी भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो. सरकारी तेल कंपन्यांचा लाभांश मोठा असतो, म्हणून घसरणही डोळ्यात भरते.

४. सरकार हिस्सा विकतंय का? ऑफर फॉर सेलमध्ये किमान भाव बाजारभावाहून कमी ठेवतात आणि बाजार लगेच त्या भावाकडे घसरतो. मार्च २०२२ च्या अखेरीस ओएनजीसीचा दीड टक्का हिस्सा १५९ रुपये किमान भावाने निघाला तेव्हा तसंच झालं. धंद्यात मात्र तसूभर फरक पडत नाही.

*इशारा:* पंपावरची रांग ही कंपनीची बातमी नव्हे. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांनी काम थांबवलं, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून गाड्या निघेनात आणि खानदेशातले पंप कोरडे पडायला लागले. त्या दिवशी मला तीन फोन आले, "विकू का?" तेल डेपोत होतं, दोन दिवसांनी विकलं गेलं. एवढंच.

पायरी ४: बाग, वखार की हातगाडी?

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात, म्हणून इथे थांबून नीट वाचा.

रावेर-यावलमध्ये केळीचा धंदा तीन हातांतून जातो. बागवाला पिकवतो, वखारवाला माल घेऊन पिकवणीला लावतो, गाडीवाला डझनावर विकतो. बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव पडला म्हणून तिघंही रडतात का? नाही. बागवाला रडतो. गाडीवाला गुपचूप जुन्याच भावाने विकून चार पैसे जास्त कमावतो. आणि वखारवाल्याचं अवलंबून, कालच्या महाग भावाचा माल वखारीत किती पडलाय त्यावर.

तेलाचंही असंच.

बागवाले: ओएनजीसी, ऑइल इंडिया. जमिनीतून तेल-वायू काढतात. कच्च्या तेलाचा भाव पडला की यांची कमाई पडते, चढला की चढते. अर्थात जास्त चढला की सरकार हात घालतं, ते पुढच्या पायरीत.

वखारवाले: निव्वळ शुद्धीकरण करणाऱ्या, उदाहरणार्थ एमआरपीएल किंवा चेन्नई पेट्रोलियम. यांची कमाई म्हणजे कच्च्या तेलाचा भाव आणि त्यातून निघणाऱ्या डिझेल-पेट्रोलचा भाव यांतला फरक. त्याला ग्रॉस रिफायनिंग मार्जिन म्हणतात आणि तो पिंपाला इतके डॉलर असा सांगतात (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर). कच्चं तेल स्वस्त की महाग यापेक्षा हा फरक महत्त्वाचा.

गाडीवाले, पण स्वतःची वखार असलेले: इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम. शुद्धीकरणही करतात आणि पंपावर विकतातही. यांचा जीव लिटरमागच्या मार्जिनमध्ये. कच्चं तेल महागलं आणि पंपावरचा भाव गोठलेला राहिला की यांची कंबर मोडते.

रिलायन्स या तिन्हीत नीट बसत नाही. जामनगरची रिफायनरी प्रचंड असली तरी मोबाइल आणि दुकानांचा धंदाही तेवढाच मोठा झालाय. तिच्याबद्दलची "तेलाची बातमी" वाचताना ती कंपनीच्या किती भागाला लागते हे आधी विचारा.

वखारीतल्या जुन्या मालाची गोष्ट कापसाने लवकर कळते. जिनिंगवाल्याने ८,००० रुपये क्विंटलने कापूस भरला आणि गाठी बांधेपर्यंत भाव ७,००० झाला, तर त्या मालावर तोटा, धंदा कितीही नीट चालवला तरी. रिफायनरीतही कच्चं तेल विकत घेतल्यापासून डिझेल विकेपर्यंत काही आठवडे जातात. भाव पडत्या तिमाहीत म्हणून "इन्व्हेंटरी लॉस" दिसतो आणि मथळा येतो, "नफा निम्म्यावर". तो तोटा बहुतांशी त्या तिमाहीपुरता. पुढचा माल स्वस्तात येतो.

*तपासा:* वहीतल्या पानावर आता लिहा: माझी कंपनी बाग, वखार की गाडी? हे लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका. मग तुम्ही कंपनी घेतलेली नाही, नाव घेतलंय.

पायरी ५: बातमीची जात ओळखा

तेल कंपन्यांच्या वाईट बातम्या साधारण पाच जातींच्या असतात. प्रत्येकीची मुदत वेगळी.

*भावाची बातमी.* कच्चं तेल पडलं किंवा उसळलं. चौथी पायरी केली असेल तर उत्तर हातात आहे. ही बातमी सतत बदलते, तीवर दीर्घ निर्णय घेणं म्हणजे आजच्या ढगावर कपाशीचं क्षेत्र ठरवणं.

*सरकारची बातमी.* सरकारी तेल कंपनीत मोठा मालक सरकार आहे आणि त्याला नफ्याव्यतिरिक्त मतदारही सांभाळायचे असतात. ४ ऑक्टोबर २०१८ ला पेट्रोल-डिझेल अडीच रुपयांनी स्वस्त करताना सरकारने दीड रुपया अबकारी करातून दिला आणि एक रुपया कंपन्यांना सोसायला सांगितला. हिंदुस्तान पेट्रोलियमचा शेअर दुसऱ्या दिवशी सुमारे पाव भागाने खाली आला. बाजार घाबरला तो रुपयाला नव्हे, "आज एक, उद्या किती?" या प्रश्नाला. १ जुलै २०२२ ला उलट दिशेने फटका बसला: देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर, आणि ओएनजीसी एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास घसरली. तो कर नंतर पंधरवड्याला बदलत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. सरकार देतंही: गॅस सिलिंडरच्या तोट्यापोटी तिन्ही विक्री कंपन्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी मंजूर झाले. म्हणून सरकारच्या बातमीत पाहायचं ते हे: हुकूम एकदाचा आहे की धोरण बदललं?

*तिमाहीची बातमी.* एप्रिल ते जून २०२२ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमला १०,१९७ कोटींचा तोटा झाला, कारण कच्चं तेल भडकलेलं आणि पंपावरचा भाव गोठलेला. तेव्हा विकलेल्यांनी पुढे २०२३-२४ चा निकाल पाहिला का? त्याच कंपनीला १४,६९४ कोटींचा नफा. याचा अर्थ प्रत्येक तोटा भरून निघतो असा नाही. त्या तोट्याचं कारण बाहेरचं होतं आणि ते सरकलं, एवढाच.

*अपघाताची बातमी.* आग, गळती, विहीर फुटणं. आसामात बाघजानची ऑइल इंडियाची विहीर २७ मे २०२० ला फुटली, ९ जूनला पेटली आणि आग विझायला नोव्हेंबर उजाडला. इथे पहिल्या आठवड्यातला आकडा कधीच धरू नका, तो नंतर वाढतो. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० च्या स्फोटात ११ कामगार गेले. ब्रिटिश कंपनी बीपीचा शेअर दोन-अडीच महिन्यांत निम्म्याखाली आला, लाभांश थांबला, आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकार व राज्यांशी १८.७ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. अपघाताच्या बातमीत तीन प्रश्न: गळती थांबली का, दोष कोणावर येतोय, आणि लाभांशाबद्दल कंपनी काय बोलली.

*विश्वासाची बातमी.* ऑडिटरने राजीनामा दिला, हिशेब बदलले, साठे फुगवून सांगितल्याचं निघालं. जानेवारी २००४ मध्ये ब्रिटिश-डच कंपनी शेलने आपल्या जमिनीखालच्या खात्रीच्या तेल-वायू साठ्यांतून एकदम पाचवा हिस्सा वजा केला. मार्चपर्यंत अध्यक्षांना जावं लागलं. या जातीत "थोडं थांबू, वर येईल" हे माझ्या मते चुकतं. भाव, सरकार, तिमाही यांत थांबायला जागा असते. हिशेबच खोटा निघाला तर तुम्ही सहाव्या पायरीत मांडणार तरी कुठले आकडे?

पायरी ६: बातमी रुपयात मांडा

कागद, पेन, मोबाइलचं कॅल्क्युलेटर. दहा मिनिटांचं काम.

समजा कंपनीचे १०० कोटी शेअर आहेत. भाव ३०० होता, २७० झाला. म्हणजे बाजाराने कंपनीची किंमत ३०,००० कोटींवरून २७,००० कोटींवर आणली, ३,००० कोटी कापले. वर्षाचा नफा ३,००० कोटी. बातमी अशी की ६०० कोटींचा फटका.

हा फटका एकदाचा असेल (दंड, आगीची भरपाई, जुन्या मालाचा तोटा) तर शेअरमागे ६ रुपये जातात. बाजाराने ३० काढलेत. एकतर बाजाराला तुमच्याहून जास्त माहीत आहे, नाहीतर घाबरगुंडी उडाली आहे.

पण हाच ६०० कोटींचा फटका दरवर्षी बसणार असेल तर? नफा २,४०० कोटींवर आला. पूर्वी बाजार नफ्याच्या दहापट किंमत देत होता, तीच पट धरली तर कंपनी २४,००० कोटींची, शेअर २४० चा. मग २७० हा भाव पडलेला नाही, अजून पडायचा बाकी आहे.

आकडा एकच, ६०० कोटी. एकदा की दरवर्षी, एवढ्यावर उत्तर उलटं होतं.

विक्री कंपन्यांत लिटरचा हिशेब मांडा. वर्षाला ४,००० कोटी लिटर विकणाऱ्या कंपनीचा लिटरमागे एक रुपया गेला तर वर्षाला ४,००० कोटी गेले. २०१८ ला लोकांना "एकच तर रुपया" वाटला तो इथे चुकीचा ठरतो.

*नेहमीची चूक:* खरेदीचा भाव या कागदावर आणणं. तुम्ही ३४० ला घेतला होता याची कंपनीला, सरकारला, कच्च्या तेलाला कोणालाच खबर नाही. तो आकडा नवव्या पायरीत लागेल, करासाठी.

पायरी ७: आता स्वतःचं घर बघा

कंपनी झाली, आता तुम्ही.

हा पैसा कधी लागणार? आखाजीनंतर पोरीचं लग्न, जूनमध्ये बियाणं-खत, मुलाची फी, यांपैकी काही वर्षभरात असेल तर कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. तेवढी रक्कम शेअरमध्ये असायलाच नको होती. थोड्या तोट्यात काढावी लागली तरी काढा.

वाटा किती? मी स्वतः एका कंपनीत दहा टक्क्यांपुढे जात नाही, आणि सगळ्या तेल कंपन्या मिळून पंधराच्या पुढे नाही. हा नियम नव्हे, माझी झोप किती हलकी आहे त्याचं माप आहे. जळगावच्या सराफ बाजारात नोकरी करणारे एकजण तीन विक्री कंपन्यांचे शेअर घेऊन "पैसा वाटून ठेवलाय" म्हणत होते. तिन्ही एकाच दिवशी पडल्या. तीन हातगाड्या लावल्या तरी केळी एकाच मंडईतली.

मग पहिल्या पायरीतलं ते वाक्य काढा: का घेतला होता? ते कारण अजून जिवंत आहे का? "शालकाने सांगितलं" असं असेल तर निर्णय सोपा आहे, कारण टिकवायला मुळात कारणच नव्हतं. आज तुमच्याकडे तेवढी रोख असती तर हा शेअर आजच्या भावाने घेतला असता का, एवढाच प्रश्न उरतो.

पायरी ८: निर्णय आणि ऑर्डर

तीनच वाटा: ठेवणं, काही भाग विकणं, सगळं विकणं. आणखी घेणं ही आज वाट नाही. पडत्या भावात भर घालून सरासरी खाली आणायची हौस असेल तर पुढचा तिमाही निकाल येऊ द्या. विश्वासाच्या बातमीत तर अजिबात नाही.

विकायचं ठरलं तर:

- लिमिट ऑर्डर ("याहून कमी भावाने विकू नका") टाका, मार्केट ऑर्डर नाही. चालू भावाच्या किंचित खाली लिमिट लावली तर बहुधा लगेच उठते आणि तळात फेकली जात नाही.
- वेळ अकरा ते अडीचच्या मधली धरा.
- मोठ्या तेल कंपन्यांच्या शेअरचे वायदेही (फ्युचर्स) होत असल्याने त्यांना ठरलेलं सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव किती हलू शकतो याची पक्की मर्यादा, नसतं, मर्यादा सरकत जाते. लहान कंपनीला मात्र लोअर सर्किट लागलं की घेणारा उरत नाही. ऑर्डर रांगेत पडून राहते. दर तासाला रद्द करून नवी टाकू नका, रांगेतला नंबर जातो.
- विकताना डीपी शुल्क (डिमॅटमधून शेअर काढण्याचं) लागतं आणि ते बहुधा एका कंपनीला दिवसाला एकदा. पाच दिवस दहा-दहा शेअर विकले तर पाचदा. थोडेच असतील तर एका दमात विका.
- सौदा विकल्यानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. शुक्रवारी विकून शनिवारी मुकादमाला पैसे द्यायचा बेत आखू नका.

*इशारा:* तोटा भरून काढायला म्हणून ऑप्शन किंवा कच्च्या तेलाच्या फ्युचर्सकडे वळू नका. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आणि २० एप्रिल २०२० ला कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. अमेरिकेत उणे ३७.६३ डॉलर, आपल्या एमसीएक्स या वायदे बाजारात पिंपाला उणे २,८८४ रुपये. फार तर शून्य होईल असं धरून घेणाऱ्यांना वरून पैसे भरावे लागले.

*दुसरा इशारा:* याच आठवड्यात "तोटा काढून देतो" म्हणणारे टेलिग्राम ग्रुप उगवतात. नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या साइटवर स्वतः तपासा. ब्रोकरशी वाद झाला तर आधी त्याच्याकडे लेखी, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या साइटवर तक्रार.

पायरी ९: कर, आणि वहीतली शेवटची ओळ

हा माझा धंदा आहे, तरी थोडक्यात. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, त्यापुढच्यावर वर्षाला सव्वा लाख सोडून साडेबारा टक्के. डिमॅटमध्ये आधी घेतलेला शेअर आधी विकला असं धरतात. तीन वेळा घेतले असतील तर "मी महागातले विकले" असं तुमच्या मनावर चालत नाही.

तोट्यात विकलं असेल तर तो तोटा फेकून देऊ नका. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. दरवर्षी कोणीतरी मुदत संपल्यावर येतो आणि म्हणतो, "तोटाच तर व्हता, भाऊ, त्याचं काय भरायचं?" त्याचंच भरायचं होतं.

ठेवायचं ठरवलं असेल तर वहीत आजची तारीख, बातमीची जात, एकदाचा की दरवर्षीचा हा निष्कर्ष, आणि पुढच्या निकालाची तारीख लिहा. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावा लागतो, मार्चच्या तिमाहीला ६० दिवस. त्या दिवशी सहावी पायरी पुन्हा करा. तोपर्यंत ॲपवरच्या भावाच्या सूचना बंद ठेवा आणि एक्सचेंजवरच्या घोषणांची सूचना तेवढी चालू.